टेन कँडल्स शेकोटीभोवती खेळून पाहिला आणि आता स्वतःचा गेम बनवतेय

तिसरा सीन चालू होता, आमच्यातला एकजण सांगत होता की तो बोगद्याच्या तोंडाशी पोचलाय आणि आतून कुणीतरी त्याच्याच आवाजात त्याला हाक मारतंय, आम्ही सगळे श्वास धरून ऐकत होतो, आणि तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली नि चार मेणबत्त्या एकदम गेल्या. टेन कँडल्सचा नियम असा आहे की मेणबत्ती कुठल्याही कारणाने विझली तरी ती परत लावायची नाही आणि सीन तिथेच संपतो. मग फासे वाईट पडले म्हणून विझलेली असो, कुणाचा धक्का लागून असो की वाऱ्याने असो. आम्ही नियम पाळला. दोन-चार तास चालणारा गेम आमचा दीड तासात आटोपला, आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे त्याच बोगद्याबद्दल बोलत होते. म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. गेम भारी आहे हे आधीच सांगून टाकते, वाद फक्त एवढाच आहे की तो शेकोटीचा गेम आहे का, कारण मी गेले काही महिने शेकोटीभोवती खेळायचा एक गोष्टींचा गेम बनवायच्या मागे आहे आणि मला सगळ्यांनी हाच खेळून बघ म्हणून सांगितलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेन कँडल्स हा स्टीफन ड्यूई या डिझायनरचा 2015 सालचा रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून बोलत बोलत गोष्ट रचायची. एक गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, आणि तीन ते पाच खेळाडू, आधी काहीही तयारी करायची नाही, एका रात्रीत गोष्ट सुरू आणि एका रात्रीत संपली. लागतं काय तर दहा छोट्या टी-लाइट मेणबत्त्या, सहा बाजूंचे मूठभर फासे, कोरी कार्डं, पेन, आग लागणार नाही असं एखादं भांडं आणि आवाज रेकॉर्ड करायला काहीतरी. जगात अंधार पडलाय, सूर्य नाही, तारे नाहीत, आणि अंधारात "ते" आहेत. "ते" म्हणजे कोण ते पुस्तकात लिहिलेलं नाही, ते तुमच्या टेबलावरच ठरतं. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी सुरुवातीलाच सगळ्यांना माहीत असते, ती म्हणजे शेवटी कुणीच वाचणार नाहीये. शेवटची मेणबत्ती विझेपर्यंत सगळी कॅरेक्टर्स मरणार.

पहिल्यांदा हे ऐकल्यावर मला वाटलं होतं मग खेळायचं कशाला, हरणार हे ठरलेलंच असेल तर धडपड कोण करणार. पण होतं उलटंच, जिंकायचं नाहीये म्हटल्यावर माणसं आपल्या कॅरेक्टरला जपत बसत नाहीत, ती त्याला संकटात ढकलतात, दुसऱ्यासाठी मागे थांबवतात, खोटं बोलायला लावतात आणि मग ते खोटं उघडं पाडतात. आमच्यातली एक मुलगी एरवी अशा खेळात तोंडातून शब्द काढत नाही, तिने त्या रात्री तिच्या कॅरेक्टरचं शेवटचं फोनवरचं बोलणं असं काही केलं की पुढची दोन मिनिटं कुणी बोललंच नाही.

फाशांचं गणित साधं आहे पण फार विचार करून केलंय. सुरुवातीला खेळाडूंकडे मिळून दहा फासे. काही कठीण करायचं असलं की सगळे टाकायचे, एक जरी सहा आला तरी जमलं. ज्यांवर एक हा आकडा पडेल ते फासे तो सीन संपेपर्यंत बाजूला. एकही सहा नाही आला तर एक मेणबत्ती मालवायची, सीन संपला, आणि पुढच्या सीनला जेवढ्या मेणबत्त्या जळतायत तेवढेच फासे, जेवढ्या विझल्यात तेवढे गेम मास्टरच्या हातात. आता हिशेब करून बघा, दहा फाशांत निदान एक सहा यायची शक्यता साधारण 84 टक्के, पाच फाशांत 60 च्या आसपास, तीन फाशांत 42, आणि एकच फासा उरला की जेमतेम 17. म्हणजे पहिल्या तासात आपण हिरो असतो आणि शेवटच्या अर्ध्या तासात दार उघडायचं म्हटलं तरी पोटात गोळा येतो, आणि हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, समोर उजेड कमी कमी होत जाताना दिसतच असतो. नियम, उजेड आणि भीती तिन्ही एकाच दोरीला बांधलेत. डिझाइन म्हणून मला याहून नेटकी गोष्ट आजवर कुठल्या गेममध्ये दिसलेली नाही.

आणि ती "सत्यं". एक सीन संपला की सगळे आळीपाळीने एकेक वाक्य बोलतात जे त्या जगात खरं होऊन जातं, जितक्या मेणबत्त्या जळतायत तितकी वाक्यं. पहिलं वाक्य ठरलेलं, की जगात अंधार आहे. शेवटचं सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, की आणि आपण जिवंत आहोत. आम्ही मराठीतच खेळलो, आणि "आणि आपण जिवंत आहोत" हे सहाजण मिळून आगीसमोर म्हणतात तेव्हा जे होतं ते लिहून दाखवता येत नाही. "आटपाट नगर होतं" म्हटलं की कान आपोआप टवकारतात ना, ठरलेल्या शब्दांची ताकद ती तशीच इथे आहे. मेणबत्त्या कमी तशी वाक्यंही कमी, त्यामुळे हा विधीही आखडत जातो आणि शेवटी शेवटी तर श्वास घ्यायलासुद्धा उसंत नाही असं वाटायला लागतं.

आता बाहेर नेल्यावर काय काय झालं ते सांगते, आणि हे स्पष्ट करते की गेम अंधाऱ्या खोलीसाठी बनवलाय आणि तसं तो म्हणतोही, उघड्यावर नेणं हा माझा हट्ट होता.

मेणबत्त्यांचं सांगितलंच. काचेच्या बरण्यांत ठेवून बघितल्या, मग विझत नाहीत पण शेकोटीच्या उजेडापुढे त्यांचा उजेड दिसतच नाही, शेजारी एवढा मोठा जाळ चालू असताना एक टी-लाइट गेली काय नि राहिली काय. म्हणजे गेमचा जीवच गेला. शेकोटी निखाऱ्यांवर आणून ठेवली तेव्हा जरा बरं झालं पण मग थंडीने सगळे कुडकुडायला लागले.

फासे तर विसराच. जमीन खडबडीत, एक फासा गवतात गेला, एक कुणाच्या बुटाखाली, आणि लाल-पिवळ्या हलत्या उजेडात पाच आहे की सहा हे बघायला दर वेळी कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावायचा. हा टॉर्च म्हणजे शेकोटीच्या गेमचा पहिला शत्रू. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ती क्षणात मोडते, नंतर बराच वेळ समोरचा माणूसही नीट दिसत नाही. लाल उजेडाचा हेडलॅम्प असेल तर त्रास बराच कमी होतो, पण लाल उजेडात लाल फाशावरचे ठिपके दिसत नाहीत हा शोधही आम्हाला तिथेच लागला.

बसण्याची जागा हा मला अजिबात न सुचलेला प्रॉब्लेम. या गेममध्ये कार्डावर लिहिलेला गुण, दोष वगैरे आपण शेजाऱ्याला देतो, म्हणजे शेजारी कोण याला अर्थ आहे. टेबलाभोवती ठीक. शेकोटीभोवती वारा फिरला की धूर तोंडावर येतो आणि माणूस उठून पलीकडे जाऊन बसतो, अर्ध्या तासात पूर्ण गोल उलटापालटा झालेला असतो. त्यात गोल मोठा, मध्ये आग, त्यामुळे समोरच्याला काही द्यायचं तर उठून वळसा घालून जावं लागतं. आणि ऐकू येणं! लाकूड तडतडत असतं, कुणी हळू आवाजात फार सुंदर काही बोललं तर ते फक्त शेजारच्यालाच कळतं. गेमच्या सुरुवातीला प्रत्येकजण आपल्या कॅरेक्टरचा शेवटचा निरोप रेकॉर्ड करतो, आणि शेवटी सगळे मेल्यावर अंधारात तो ऐकवला जातो, खोलीत खेळलात तर हा शेवट काळजात घुसतो, मी घरात खेळले तेव्हा रडले होते. बाहेर त्या रेकॉर्डिंगमध्ये निम्मा वेळ नुसती लाकडं फुटल्याचा आवाज होता. शिवाय पूर्ण अंधार होतच नाही, आग असतेच.

पण एक गोष्ट मात्र बाहेरच जास्त छान झाली, कार्डं जाळणं. कॅरेक्टरचा गुण किंवा दोष पणाला लावून कार्ड जाळलं की एक हा आकडा पडलेले फासे परत टाकायला मिळतात. खोलीत हे भांड्यात घाबरत घाबरत करावं लागतं, शेकोटीत थेट टाकायचं. "हा धीट आहे" असं लिहिलेलं कार्ड जाळात काळं पडत जाताना सगळे बघत होते, ज्याचं कार्ड होतं तो तर एकटक. यात एकच काळजी घ्या, कार्ड उघडं टाकू नका, पेटलेला कागद गरम हवेबरोबर वर उडतो आणि कुठेही जाऊन पडतो. घट्ट घडी घालून काठीने लाकडाच्या बुडाशी सरकवा. आणि प्लॅस्टिकचा थर असलेली कार्डं नकोत, साधा कागद घ्या.

आणखी एक, हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं. आगीकडे बघत बसलं की आपल्या पाठीमागचा अंधार असतो त्यापेक्षा खूप गडद वाटतो कारण डोळे उजेडाला सरावलेले असतात. वळून बघितलं तर काही म्हणजे काही दिसत नाही. तोंड भाजतंय आणि पाठ गार पडलीये, आणि गोष्टीत कुणीतरी म्हणतंय की "ते" वर्तुळाच्या बाहेर उभे आहेत. यासाठी कुठलंही पुस्तक लागत नाही, आग हे काम फुकटात करते.

दुसऱ्या रात्री आम्ही फॉर द क्वीन खेळलो, ॲलेक्स रॉबर्ट्सचा, 2019 चा. त्यात फासे नाहीत, गेम मास्टर नाही, नुसती प्रश्नांची कार्डं, एकेकाने उचलायचं आणि आपल्या कॅरेक्टरच्या तोंडून उत्तर द्यायचं, राणीबरोबर तुम्ही एका लांबच्या प्रवासाला निघालाय आणि हळूहळू कळत जातं की तुमचं तिच्यावर प्रेम आहे की राग की दोन्ही. शेकोटीला हा पुष्कळ जास्त मानवला. कुणी उठून गेलं तरी बिघडत नाही, कुणी लाकूड सारायला वाकलं तरी चालतं, नवखा माणूस पाच मिनिटांत खेळायला लागतो. तक्रार एवढीच की कार्ड वाचायला परत उजेड लागतोच, आणि आग त्यात कुठेच नाही, ती नुसती बाजूला जळत असते. पण एक चांगली सवय तिथून उचलली, एक्स कार्ड. ही मूळ कल्पना जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांची, एक कार्ड मध्ये ठेवायचं आणि कुणालाही गोष्टीतलं काही सहन होईना तर त्याला हात लावायचा, कारण विचारायचं नाही, तो भाग गाळून पुढे जायचं. अंधारात कार्ड कुणाला दिसणार, म्हणून आम्ही दोन टाळ्या ठरवल्या. रात्री, आडबाजूला, भीतीच्या गोष्टीत हे असायलाच हवं, उठून घरी जायची सोय तिथे नसते.

या दोन रात्रींनंतर माझं मत पक्कं झालं की शेकोटीच्या गेमचे नियम डोक्यात मावले पाहिजेत, हातात नाही. वाचायचं काही नको, मोजायचं काही नको, आणि वेळ आगीनेच सांगितला पाहिजे. माणसं आगीभोवती बोलतातच वेगळं. पॉली विस्नर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या जुहोआन्सी लोकांच्या बोलण्याचा अभ्यास 2014 साली छापला, त्यात दिवसाच्या गप्पांत गोष्टी फक्त 6 टक्के आणि रात्री आगीजवळ 81 टक्के. दिवसा काम, पैसापाणी, एकमेकांच्या तक्रारी, आणि रात्र झाली की गोष्टी. म्हणजे माणसाला तिथे गोष्ट सांगायला लावायची गरज नाही, ती येतेच, गेमने फक्त तिच्या आड यायचं नाही आणि तिला एक दिशा द्यायची.

तर माझा गेम सध्या असा आहे. सुरुवातीला प्रत्येकाला तीन काटक्या, अंगठ्याएवढ्या जाड, सुकलेल्या. मोठी लाकडं फक्त पहिल्यांदा लावायची, नंतर आगीत जे काही जाईल ते खेळाडूंच्या काटक्यांमधूनच. गोष्टीत काही आपल्या मनासारखं वळवायचं असेल तर काटकी आगीत टाकायची आणि टाकताना कॅरेक्टरने काय गमावलं ते एका वाक्यात सांगायचं. कुणी काही टाकलं नाही तर आग बसत जाते आणि गोष्ट शेवटाकडे सरकते, ज्वाला संपून नुसते निखारे उरले की शेवटचा सीन. हे कार्ड जाळण्यावरूनच सुचलं हे उघड आहे, ते मान्य करायला मला आनंदच आहे.

फाशांच्या जागी एक कापडी पिशवी, त्यात आठ पांढरे खडे आणि दोन काळे, साधारण एकाच मापाचे आणि एकसारखे गुळगुळीत, नाहीतर बोटांना कळतं. कठीण काम आलं की न बघता एक काढायचा. पांढरा आला तर जमलं, आणि तो खडा परत पिशवीत जात नाही, समोर मातीत ठेवून द्यायचा. काळा आला तर फसलं, आणि काळा मात्र परत आत. यात मजा अशी होते की सुरुवातीला शक्यता 80 टक्के, मग 78, 75, 71 अशी हळूहळू उतरते, चार पांढरे उरेपर्यंत काही वाटत नाही, आणि मग 60, 50, 33 अशी एकदम कोसळते. प्रत्येक यश पुढच्याच्या वाट्याचं नशीब खातं. टेन कँडल्समध्ये अपयशाने अंधार वाढतो, इथे यशाने, त्यामुळे माणसं "मी काढू का, की तुझ्यासाठी ठेवू" असं एकमेकांना विचारायला लागतात, आणि ते मला फार आवडलं. पांढरा खडा निखाऱ्यांच्या उजेडातही ओळखू येतो, टॉर्चची गरज नाही.

शेजारी-बिजारी काही नाही. ज्याच्या तोंडावर धूर येईल त्याची पाळी. पहिल्यांदा हे मी वैतागून म्हटलं होतं, खेळून बघितलं तर चाललं, वाराच ठरवतो पुढे कोण बोलणार. धूर नसेल तर बोलणारा कुणाचंही नाव घेतो. आणि हळू आवाजात बोलणाऱ्यांसाठी एक नियम, पाळी आली की उभं राहून बोलायचं, आवाज आपोआप सुटतो.

जे अजून जमलेलं नाही तेही सांगते. ओली काटकी एक जरी आली तरी धूरच धूर होतो आणि पाळी एकाच माणसावर अडकून बसते. लाकूड नरम असेल तर भुर्रकन जळतं, तासाभरात गेम संपतो, कठीण लाकडाचे निखारे मात्र इतका वेळ राहतात की शेवटचा सीन लांबत लांबत त्याचा जोर निघून जातो. यावर आता असं करतेय की निखारे उरले की प्रत्येकाला फक्त एकदाच बोलायची संधी, मग बंद. सातच्या वर माणसं झाली की मधल्या लोकांचं लक्ष उडतं, हेही दिसलंय.

टेन कँडल्स घ्यायचा का? घ्याच. चार-पाच जवळची माणसं, दारं-खिडक्या बंद होणारी खोली, फोन बाजूला ठेवलेले, आणि तीन तास मोकळे असतील तर याच्या तोडीचा अनुभव मला माहीत नाही. पुस्तक गेम मास्टरने पूर्ण वाचलेलं असलं की पुरे, बाकीच्यांना काही वाचावं लागत नाही. मुलांबरोबर खेळायचा असेल तर नको, मरण अटळ आहे ही गोष्ट सगळ्यांना झेपत नाही, आणि मोठ्यांनाही आधी विचारून घ्या. शेकोटीला नेणार असाल तर मेणबत्त्या घरी ठेवा, सत्यं आणि कार्डं जाळणं एवढंच घेऊन जा, बाकीचं आगीवर सोपवा. स्वतः गेम बनवणाऱ्याने तर निदान एकदा मेणबत्त्या लावून, जसा लिहिलाय तसाच खेळावा, एकही नियम न बदलता, मगच तोडमोड करावी.

माझ्या गेमचा शेवट मला परवाच सापडला. खेळ संपला तरी आग तशीच सोडून झोपता येत नाही, पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, परत ओतायचं, राखेला हात लावून गार लागेपर्यंत. हे एरवी कुणीतरी एकटा करत बसतो आणि बाकीचे निघून जातात. आता ते काम गेममध्येच घेतलंय. ज्याचं कॅरेक्टर शेवटपर्यंत टिकलं त्याने पाणी ओतायचं, आणि चर्र आवाज होऊन पूर्ण काळोख पडला की प्रत्येकाने अंधारात फक्त आपल्या कॅरेक्टरचं नाव सांगायचं. परवा पाचजण होतो. पाच नावं आली आणि मग बराच वेळ कुणी टॉर्च लावला नाही.